शिलालेखापासून बक्षीसपत्रापर्यंत : ज्येष्ठांसाठी इतिहास-कायद्याचे वर्ग

इतिहास आणि कायदा हे विषय शाळेत वेगवेगळे शिकवले जातात. निवृत्तीनंतर हौसेने शिकणाऱ्यांच्या वर्गात ते एकत्र घेतले, तर दोन्ही अधिक चांगले समजतात. एखादा कायदा का करावा लागला, हे इतिहास सांगतो. पूर्वीच्या माणसांनी पैसा, जमीन आणि हक्क यांचे व्यवहार कसे केले, हे जुने दस्तऐवज सांगतात. अशा वर्गाला परीक्षा लागत नाही. आठवड्यातून एक बैठक, महिन्यातून एक सहल आणि प्रत्येकाच्या हातात मूळ मजकुराची प्रत एवढी तयारी पुरते. नाशिकच्या इंदिरानगरात राहणाऱ्यांना तर पहिल्या सहलीसाठी लांब जावेच लागत नाही. मुंबई-आग्रा महामार्गाने थोडे पुढे गेले की त्रिरश्मी डोंगरावरची पांडवलेणी येतात.

या 24 लेण्यांतील शिलालेख हे बहुतांशी दानपत्रे आहेत. दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वीच्या या लेखात एका कायम ठेवीची हकिगत येते. उषवदाताने 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले : एकीकडे 2000, दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि दुसरीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट आहे. मोठ्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे होते.

हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडून पाहण्यासारखा आहे. 2000 वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला 20 आणि वर्षाला 240 कार्षापण. वीस जणांना प्रत्येकी बारा दिले की बरोबर 240 होतात, एक नाणेही शिल्लक राहत नाही. हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदवल्याचेही लेखात म्हटले आहे. मुद्दल, व्याजदर, लाभार्थी, अट आणि सार्वजनिक नोंद अशी आजच्या विश्वस्तपत्रात अपेक्षित असलेली कलमे इथे दगडात वाचायला मिळतात.

तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या कारकिर्दीतील आदेश आहेत. त्यांपैकी एकात भिक्खूंना आधी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते ज्या गावात आहे ते गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी शंभर निवर्तने (जमिनीचे जुने माप) राजाच्या मालकीची जमीन द्यावी, असे गोवर्धनच्या अमात्याला कळवले आहे. दिलेली जमीन उपयोगाची नसेल तर बदलून द्यायची, हे महसुली तत्त्व त्यातून दिसते. ज्यांना पायऱ्या चढणे जमत नाही, त्यांना या लेखांच्या ठशांची आणि मराठी भाषांतराची प्रत खालीच वाचायला देता येते. लेणी केंद्र सरकारने संरक्षित केलेली आहेत. 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातील 2010 ची दुरुस्ती यांनुसार अशा स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम लेण्यासमोर उभे राहून वाचले की त्याचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी सहल पंचवटीतील काळाराम मंदिराची. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते. लढा काही वर्षे चालला, तरी दरवाजे उघडले नाहीत. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली आणि 1955 च्या कायद्याने तिचे पालन दंडनीय ठरवले. घटनेतील ती छोटी तरतूद मंदिराच्या दरवाजापाशी वाचली, की तिच्यामागे माणसांनी काय सोसले हे ध्यानात येते.

तिसरा विषय शहरातल्या खटल्याचा. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. याच प्रकरणाच्या संदर्भात भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांना लंडनहून भारतात आणले जात असताना त्यांनी मार्सेलिसला बोटीतून उडी घेतली. फ्रान्सच्या भूमीवर त्यांना पुन्हा पकडणे योग्य होते का, हा वाद हेगच्या लवाद न्यायालयात गेला. ब्रिटनने सावरकरांना परत करण्याची गरज नाही, असा निवाडा फेब्रुवारी 1911 मध्ये लागला. सार्वभौमत्व आणि आश्रयाचा हक्क या आंतरराष्ट्रीय कायद्यातील कल्पना नाशिककरांना इतक्या जवळच्या उदाहरणातून शिकता येतात.

अशा शिक्षणाला नाशिकमध्ये जुना आधार आहे. सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचे आहे, गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला भरते आणि 1989 मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ याच शहरात आहे. जगात ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ 1973 मध्ये फ्रान्समधील तुलूझ इथे सुरू झाले. पुढे ब्रिटनमध्ये सभासदांनीच सभासदांना शिकवण्याची रीत रुजली. निवृत्त शिक्षक, वकील, बँक कर्मचारी आणि तलाठी एकाच वसाहतीत राहत असतील, तर ही रीत ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीतही चालू शकते.

शेवटचे सत्र स्वतःच्या हक्कांचे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाहभत्ता कायद्यानुसार आईवडील मुलांकडून निर्वाहभत्ता मागण्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. या कायद्याने भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये ठेवली आहे. कलम 23 त्याहून बारकाईने वाचावे. या कायद्यानंतर घर मुलाच्या नावे करताना ‘माझी देखभाल करावी’ अशी अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकते. अट असल्याचे सिद्ध करावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. म्हणून बक्षीसपत्रात ती अट लेखी असावी. उषवदाताने अटी कोरून ठेवल्या आणि सभेत नोंदवल्या, त्याचे महत्त्व इथे लक्षात येते. वर्गात मिळते ती माहिती. प्रत्यक्ष प्रकरण असेल तेव्हा वकिलाचा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घ्यावा.