विश्लेषण : खोल समुद्रातल्या बोटीला दोन इंजिने कशासाठी?

हिवरा आश्रमजवळच्या कोराडी जलाशयात बोटीचे इंजिन बंद पडले, तर वल्ही मारून काठ गाठता येतो. कोकण किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर आत, ते जमत नाही. राज्याची सागरी हद्दही तिथेच संपते. म्हणून हौसेने गळ टाकायला मालक स्वतः चालवत नेतो त्या मध्यम बोटींना मागच्या फळीबाहेर बहुधा दोन आउटबोर्ड इंजिने असतात. आतली जागा मोकळी राहते, उथळ पाण्यात इंजिन वर उचलता येते. एक बिघडले तर दुसऱ्यावर परतता येते, अर्थात सावकाश.

मात्र दोन्ही इंजिने एकाच टाकीवर असतील आणि पेट्रोलमध्ये पाणी शिरले, तर?

दोन्ही थांबतात. दोन इंजिने मोजून निर्धास्त होणाऱ्यांना हे सहसा सुचत नाही. टाकी, फिल्टर, बॅटरी वेगवेगळी हवी. इंधनाचा जुना ठोकताळा असा : एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना, उरलेले राखीव.

एकटा चालक पाण्यात पडला तर?

अंगाला अडकवलेली सुरक्षा-दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद होते. ती अडकवायचा कंटाळा केला, तर बोट त्याला सोडून पुढे निघून जाते. जलाशयातल्या छोट्या मोटरबोटीवरही ही दोरी हवीच.