निमित्त देवीचं, मोकळीक आपली

जालन्यात सून म्हणून आलेल्या मुलीला माहेरच्या बायका हमखास विचारतात, 'तुमच्याकडं बघण्यासारखं काय आहे गं?' आणि ती बिचारी सांगते, 'काही नाही बाई!'

हाच प्रश्न पुरुषमाणसाला विचारून बघा. 'जालना, सोने का पालना' इथपासून त्याची गाडी सुरू होईल. मोंढा, लोखंडी सळईचे कारखाने, मोसंबीच्या बागा... १९६४ मध्ये इथं बियाण्यांची कंपनी काढणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हेही तो अभिमानानं सांगेल. सगळं खरंच आहे. पण मैत्रिणींनो, यातलं आपण स्वतःच्या डोळ्यांनी किती पाहिलेलं असतं?

आपला जिल्हा वेगळा. तो कॅलेंडरवर लिहिलेला असतो. नवरात्र आलं की अंबडची मत्स्योदरी देवी. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवीचं हे नाव. चतुर्थीला राजूरचा गणपती, आणि अंगारकी असली तर जालन्याहून रात्रीच पायी निघालेली माणसांची रांग. रामनवमीला घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ. रामदास स्वामींचा जन्म तिथलाच, १६०८ मधला. आषाढी एकादशीला जालन्यात आनंदी स्वामींची पालखी. धुळवडीला मात्र शहरातून हत्ती रिसाला निघतो, तेव्हा रस्ता पुरुषांचा आणि गच्ची आपली! शंभराहून जास्त वर्षांची ही परंपरा आपण बहुतेक जणींनी वरूनच पाहिलेली.

नीट बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. घराबाहेर पडायचं म्हटलं की आपल्याला देव लागतो. 'जरा फिरून येते' असं म्हणायची सोय नाही. 'नवस फेडायचाय' म्हटलं की सासूबाईसुद्धा नारळाला पैसे काढून देतात. मग देवळात दहा मिनिटं आणि बाहेर दोन तास. बांगड्यांचं दुकान, रेवड्या, पाळणा, झाडाखाली सोडलेली शिदोरी, आणि वर्षभर न भेटलेल्या मैत्रिणीशी मारलेल्या गप्पा. श्रद्धा आहेच, ती खोटी नाही. पण त्या दोन तासांची ओढही तितकीच खरी असते.

तरीसुद्धा दोन अडचणी कायम असायच्या. कुणाच्या गाडीनं जायचं, आणि पैसे कुणाकडं मागायचे? घरची गाडी निघाली तर जायचं, नाहीतर 'पुढच्या वर्षी बघू'. अशी कितीतरी पुढची वर्षं आपल्या आयांनी स्वयंपाकघरातच काढली.

१७ मार्च २०२३ पासून एसटीनं बायकांना अर्धं तिकीट केलं आणि ही दुसरी अडचण बरीच हलकी झाली. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांपुढच्यांचा प्रवास मोफत झाला होता. साधा हिशोब करा, दोघींच्या पैशात चौघी जाऊन येतात. आमच्या गल्लीतल्या एक आजी नातसुनेला घेऊन अंबडला जाऊन आल्या. आजींचं तिकीट शून्य, नातसुनेचं अर्धं. आल्यावर म्हणाल्या, 'आता कुणाच्या तोंडाकडं बघायचं काम नाही.' सवलतीवर कुणी काहीही म्हणो, मला या एका वाक्यात तिचं सगळं मोल दिसलं.

पण तिकीट स्वस्त झालं म्हणजे सगळं झालं, असं नाही. स्थानकात स्वच्छ स्वच्छतागृह नाही, म्हणून कितीतरी जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. एका तालुक्याच्या स्थानकावर मी स्वतः तीन तास अशी काढली आहेत. परतीची शेवटची गाडी लवकर सुटते, ती चुकली तर घरी बोलणी वेगळीच. या गोष्टी मागायला हव्यात, आणि त्या आपणच मागायच्या आहेत. २०११ पासून ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषदेत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्या वॉर्डातल्या ताईला भिशीच्या दिवशी बोलवा, चहा पाजा आणि हा विषय काढा.

आणि आता माझ्या मनातलं खरं सांगते. एखादी सहल देवाच्या निमित्ताशिवाय करून बघू या की!

भोकरदनचंच घ्या. आपल्याला ते तालुक्याचं गाव म्हणून ठाऊक. पण सातवाहनांच्या काळात हे 'भोगवर्धन' नावाचं भरभराटीचं व्यापारी गाव होतं. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव कोरलेलं आहे. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा शंखाच्या बांगड्या आणि मणी निघाले. हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्तीही सापडली. अगदी तशाच घडणीची मूर्ती १९३८ मध्ये पार इटलीत, समुद्राजवळच्या पॉम्पेई शहरात सापडली होती. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं. म्हणजे आपल्याकडच्या कारागिरीची ओळख दोन हजार वर्षांपूर्वी सातासमुद्रापार पोचली होती, आणि आपल्याला मात्र शेजारच्या तालुक्याला जायला घरची परवानगी लागते!

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. चार दशकं उलटून गेली. आठ तालुके आहेत आपले. त्यातले किती तुम्ही पाहिलेत, बोटं मोजून बघा. लग्नकार्य, दवाखाना आणि देव, एवढं सोडून मोजा बरं का.

म्हणून म्हणते, चौघी जमा. पुढच्या महिन्याची एक तारीख ठरवा. शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि पाण्याची बाटली घ्या. जाण्याआधी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आगारात विचारून ठेवा. घरी सांगताना नवसाचं नाव काढू नका. सरळ सांगा, 'आमचा जिल्हा बघायला चाललोय, भाजी-भाकरी करून ठेवलीय.'

पहिल्या वेळी घरातले जरा चमकतील. दुसऱ्या वेळी तेच विचारतील, 'या महिन्यात कुठं?'