चौकटीतील आकार : एक विचार

चित्र पाहताना आपण चौकट पाहत नाही. तथापि चित्राला प्रतिष्ठा लाभते ती बहुधा चौकटीमुळेच. जुन्या घरांतील देवादिकांच्या तसबिरींभोवती ज्या नक्षीदार लाकडी चौकटी आढळतात, त्यांतील साध्या आकारांचा अर्थ कसा लावावा, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे सामान्यांच्या घरी आली. कागदाला काच हवी, काचेला चौकट हवी. गाभाऱ्याच्या भिंतींचे काम अशा रीतीने चार पट्ट्यांकडे आले.

‘चौकट’ हा शब्द ‘चतुष्काष्ठ’ म्हणजे चार लाकडे यावरून आला. दाराला आणि तसबिरीला मराठीत एकच शब्द आहे, हे अर्थपूर्ण होय. दोन्ही ठिकाणी आत आणि बाहेर यांत भेद केला जातो. चौक, चौरंग, यज्ञवेदी यांतून चौकोनाला स्थैर्याचा अर्थ लाभला.

आतल्या काठाशी कोरलेली गोल मण्यांची ओळ पाहावी. वर्तुळाला आदि-अंत नाही, म्हणून ते पूर्णत्वाचे चिन्ह. परंतु ‘वर्तुल’ यापासूनच आपला ‘वाटोळे’ हा शब्द झाला, आणि त्याचा अर्थ गोल असाही आहे, सर्वनाश असाही! एका आकाराला एकच अर्थ चिकटवणे किती धोक्याचे, हे यावरून दिसते. त्रिकोणाचेही तसेच. यंत्रात ऊर्ध्वमुख त्रिकोण शिवाचा आणि अधोमुख शक्तीचा मानतात. चौकटीवरील दातेरी ओळ मात्र केवळ पटाशीची सोय असू शकेल.

मग कोपऱ्यातील कमळाचे काय? तिरकस कापलेली दोन लाकडे तेथे भेटतात. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि सांधा उघडा पडतो. ते वैगुण्य झाकण्यासाठी सुतार तेथे फूल बसवतो. म्हणून ते प्रतीक नव्हे, असे मात्र मला वाटत नाही. दारावर तोरण आणि उंबऱ्यावर रांगोळी आपण का घालतो? जेथे सांधा, तेथे मंगलचिन्ह, ही आपली जुनी रीत आहे. उपयोग आणि अर्थ येथे परस्परविरोधी नाहीत.

‘नक्षी’ हा शब्द मूळ अरबी ‘नक्श’पासून आला. २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या निर्मळचे चित्र-खेळण्यांचे कारागीरही ‘नकाश’ म्हणूनच ओळखले जातात. संस्कृतोद्भव चौकटीवर अरबी कुळाची नक्षी, हा आपल्या प्रदेशाचा इतिहासच होय.

आज जुन्या चौकटी आरशांसाठी विकल्या जातात आणि आतील चित्र टाकून दिले जाते. मुलांच्या तोंडी ‘फ्रेम’ हा शब्द रुळला आहे. त्याला माझी हरकत नाही; मात्र त्या शब्दात आपला उंबरठा नाही. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी चौकट जपावी, आणि तिच्याबरोबर तिचे नावही जपावे, एवढीच विनंती.