एक गुडघा आणि तीन पंतप्रधान

मंडळाच्या गेल्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी आम्हाला एकाच संध्याकाळी तिघांनी विचारलं, "गुडघा बदलून घ्यावा का हो? फार त्रास होतो का?" हातात बटाटेवडा धरून देण्यासारखं हे उत्तर नव्हे. "सांगू कधीतरी सविस्तर," असं आम्ही म्हणालो. ते संपादकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी "मग लिहूनच द्या" अशी गळ घातली. म्हणून हा लेखनप्रपंच.

लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. गुडघा एकीचा असला तरी ऑपरेशन सगळ्या घराचं होतं, हे आधीच सांगून टाकतो. सोयीसाठी जिचा गुडघा तिला सौ. आणि जो चहा करत होता त्याला श्री. म्हणू.

सौ.चं नाव यादीत लागलं २०२१ च्या उन्हाळ्यात. एन.एच.एस.च्या नियमाप्रमाणे उपचार अठरा आठवड्यांत सुरू व्हायला हवेत. पण कोविडने सगळी घडी विस्कटून टाकली होती. २०२२ च्या शरद ऋतूत इंग्लंडमधली उपचारांची प्रतीक्षायादी सत्तर लाखांवर गेली, त्यात एक आमचा गुडघा. वर्षभर सौ. जिना एकेक पायरी बसून उतरत होती. देवळात गेलो तर ती खुर्चीवर आणि बाकीच्या सगळ्या खाली सतरंजीवर. "आमच्यात ये ना गं," असं कोणी म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

ऑगस्ट २०२२ मध्ये एकदाचं पत्र आलं. ऑपरेशन सोमवारी, १९ सप्टेंबरला. त्याआधी ७ जुलैला बोरिस जॉन्सन यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं होतं, पण आमचं लक्ष कॅलेंडरच्या एकाच चौकोनावर होतं. ३१ ऑगस्टला गणपती बसले. ६ सप्टेंबरला राणीने बाल्मोरलला लिझ ट्रस यांची पंतप्रधानपदी नेमणूक केली. आणि ८ तारखेला, अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, राणी गेली. आम्हाला खरोखर वाईट वाटलं. या देशात पाऊल ठेवल्यापासून प्रत्येक नाण्यावर तिचाच चेहरा पाहिलेला. पण अंत्यसंस्काराचा दिवस जाहीर झाला तो नेमका १९ सप्टेंबर, देशभर सुट्टी. तातडीची नसलेली कामं त्या दिवशी अनेक ठिकाणी पुढे ढकलली गेली आणि आम्हालाही फोन आला, "नवीन तारीख कळवू."

श्री.नी फ्रीझरमध्ये वरणाचे बारा डबे भरून ठेवले होते. त्या दिवशी आम्ही टी.व्ही.वर अंत्ययात्रा पाहिली आणि त्यातलाच एक डबा गरम करून जेवलो. राणीचं दुःख करावं की गुडघ्याचं, हे कळत नव्हतं.

पण नशीब बरं. कोणाची तरी तारीख रद्द झाली आणि आम्हाला २७ सप्टेंबर मिळाली. तोवर देशात वेगळंच सुरू झालं होतं. २३ तारखेला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी करकपातीचं छोटं बजेट मांडलं. एवढे पैसे येणार कुठून, याचा हिशेब नसल्यामुळे बाजार घाबरला. सोमवारी २६ तारखेला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, पौंड १.०३ डॉलरपर्यंत घसरला. इतका खाली तो कधीच गेला नव्हता. आम्ही घट बसवला, नंदादीप लावला आणि बॅग भरली.

ऑपरेशन पाठीच्या कण्यात भूल देऊन झालं, म्हणजे सौ. जागी होती. दुखलं काही नाही, पण पडद्यापलीकडून ठोकण्याचे आवाज येत होते, सुतार कामाला लागल्यासारखे. मधेच भूलतज्ज्ञ सर्जनना विचारत होते, "तुमच्या मॉर्गेजचा दर कधी बदलतोय?" बँका त्या आठवड्यात कर्जाच्या योजना मागे घेत होत्या. सौ. म्हणते, "मला वाटलं, आता घराचा हप्ता ठरेपर्यंत माझा गुडघा उघडाच!"

दुपारी चारला केरळची एक नर्स आली आणि "अम्मा, आता उभं राहायचं," म्हणाली. त्याच दिवशी! वॉकर धरून सौ. चार पावलं चालली. रात्री भूल उतरली तेव्हा मात्र खरी परीक्षा झाली. उलट्या, कळा, घाम. ती नर्स पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहिली. तिच्या वाट्याला त्या रात्री दहा पेशंट होते. पहाटे कधीतरी सौ.ने तिला विचारलं, "तू बसतेस कधी गं?" ती हसली. दोन लहान मुलं, घरभाडं, पाळणाघराचे पैसे, आणि वर जादा पाळ्या, असं तिने थोडक्यात सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. हे इथे मुद्दाम लिहितो आहोत, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

२९ तारखेला घरी आलो. मुलगी शनिवारी मँचेस्टरहून यायची होती, पण १ ऑक्टोबरला रेल्वेचा संप. त्याच दिवशी आणि आदल्या दिवशी टपालाचाही संप. फिजिओथेरपीचं पत्र हाती पडलं तेव्हा त्यातली तारीख उलटून गेलेली. श्री. चिडून येरझारा घालू लागले. "सगळ्यांनीच संप करायचा म्हटलं तर देश चालायचा कसा?"

श्री.च्या चिडण्याला एक जुनं कारण आहे. त्यांचे वडील लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. वडिलांनी पुन्हा गिरणीचा भोंगा ऐकला नाही. वाण्याची उधारी फेडता फेडता आईच्या हातातल्या बांगड्या गेल्या. तेव्हापासून 'संप' हा शब्द ऐकला की श्री.च्या पोटात गोळा येतो.

त्या शनिवारी दार वाजलं. शेजारच्या आयरिश आजी सूप घेऊन उभ्या होत्या. नंतर मंडळातल्या चौघींनी आपसांत वार वाटून घेतले. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांकडे डबे पोचवणारे, घ्यायची सवय नाही. पहिले दोन दिवस सौ. "कशाला त्रास घेतलात?" म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी एका वहिनींनी दम भरला, "वहिनी, तुम्ही गुडघा वाकवा, बाकीचं आम्ही पाहतो."

आणि गुडघा वाकवणं हेच खरं काम. ऑपरेशन दीड तासाचं, पण मेहनत पुढच्या तीन महिन्यांची. दिवसातून चार वेळा व्यायाम. मांडीचा स्नायू आवळून पाच आकडे मोजायचे. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवून पाय गुळगुळीत फरशीवर मागे सरकवायचा. मग पाय उंच ठेवून टॉवेलात गुंडाळलेली फ्रीझरमधल्या मटारची पिशवी गुडघ्यावर. जिन्याचा मंत्र असा, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. फिजिओबाई कोनमापक लावून अंश सांगायच्या. दोन आठवड्यांनी सत्तर.

दरम्यान टी.व्ही. चालूच. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग गेले. १७ ला नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी ते बजेट जवळजवळ सगळं मागे घेतलं. एका वृत्तपत्राने लेट्यूसचा गड्डा कॅमेऱ्यासमोर ठेवला होता, ट्रसबाई आधी कोमेजतात की तो. २० ऑक्टोबरला दुपारी बाईंनी राजीनामा जाहीर केला तेव्हा सौ.ची टाच पिशवीवर होती. श्री. ओरडले, "अगं, गेल्या!" सौ. म्हणाली, "मोजू द्या हो, सहा झाले, चार राहिले."

हसण्यावारी नेलं तरी काळजी होतीच. विजेचा आणि गॅसचा दर १ ऑक्टोबरपासून चढला होता. सरकारने दरावर मर्यादा घातली, तरी साधारण घराचं वर्षाचं बिल अडीच हजार पौंडांच्या घरात जाणार होतं. प्रत्येक घराला चारशे पौंडांची सूट मिळाली, पण दिवसभर घरी बसलेल्या पेशंटला ऊब लागते. श्री. थर्मोस्टॅट खाली करायचे, सौ. काठीच्या टोकाने वर. शेवटी एकाच खोलीत हीटर ठेवून आम्ही तिथेच जेवायचं, झोपायचं ठरवलं, चाळीतल्यासारखं.

लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. सौ.ला खाली बसता येईना, म्हणून पूजा इस्त्रीच्या टेबलावर मांडली, नवा परकर पोलका नेसवल्यासारखं त्यावर जरीचं कापड घालून. फराळ सगळा मंडळाच्या कृपेचा. त्याच दुपारी ऋषी सुनक यांची पक्षनेतेपदी बिनविरोध निवड झाली. दुसऱ्या दिवशी राजाने त्यांची नेमणूक केली, आणि त्या सकाळी सूर्यग्रहणही होतं! फोनवर फोन. कोणी म्हणे आपला माणूस, सुधा मूर्तींचा जावई, त्यांची पुस्तकं आपण मराठीतून वाचली आहेत. कोणी म्हणे, रंग आपला असला म्हणून धोरण आपलं होत नाही. आमच्या घरातही दोन मतं पडली. पण साउदॅम्प्टनला जन्मलेला एका डॉक्टरचा आणि औषधविक्रेत्या आईचा मुलगा दिवाळीत तिथे पोचला, याचं दोघांनाही अप्रूप वाटलं, हे खरं.

सहा आठवड्यांच्या तपासणीत पंचाण्णव अंश झाले. पौंडही थोडा सावरला होता, पण आमच्या गुडघ्याइतका नाही.

आणि मग डिसेंबर. महागाई ऑक्टोबरमध्ये ११.१ टक्क्यांवर गेली होती, एकेचाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने १५ आणि २० डिसेंबरला संप पुकारला. संस्थेच्या १०६ वर्षांच्या इतिहासात इतका मोठा संप कधी झाला नव्हता. आमच्या हॉस्पिटलच्या नर्सेसही त्यात होत्या.

सौ.ने आदल्या रात्री बेसनाचे लाडू वळले आणि जाहीर केलं, "मी उद्या तिकडे जाणार." श्री. म्हणाले, "संपाला? तू? आपली तारीख पुढे गेली तेव्हा कसं वाटलं होतं ते आठव. उद्याही कोणाची तरी जाणार." यावर सौ. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "जाणार, आणि त्याचं मला वाईटच वाटतं. पण त्या रात्री माझ्या उशाशी तीन पंतप्रधानांपैकी कोणी नव्हतं. ती होती."

त्या आठवड्यात लंडनला बर्फ पडून गेलं होतं आणि फुटपाथवर नुसती काच. नवा गुडघा एकटा सोडणार कसा, म्हणून श्री. बरोबर निघाले, हाताला धरून. बसस्टॉपपासून फाटकापर्यंतचं अंतर सौ. काठी घेऊन, पण न थांबता चालली. ऑपरेशननंतर तेवढं पहिल्यांदाच.

आमची नर्स तिथे नव्हती. संपाच्या दिवशीही वॉर्डात थोड्या जणी ठेवायच्या असतात, ती आत कामावर होती. तिच्या मैत्रिणीने डबा पोचवायचं कबूल केलं. श्री. थर्मासमधला चहा कपांत ओतत होते. एका तरुण नर्सने त्यांना विचारलं, "तुम्हीही कधी संपावर होतात का?" श्री. म्हणाले, "मी नाही. माझे वडील होते." आणि त्या थंडीत उभं राहून त्यांनी लालबागची सगळी गोष्ट इंग्रजीत सांगितली. आमच्या मुलीलाही त्यांनी ती कधी सांगितली नव्हती.

पुढे मे २०२३ मध्ये बहुतेक युनियननी पाच टक्के वाढीचा आणि एकरकमी रकमेचा प्रस्ताव मान्य केला. आर.सी.एन.च्या सभासदांनी मात्र तो नाकारला होता. संप बरोबर होता की चूक, यावर आमच्या घरात अजून वाद होतो. डबा न्यायला हवा होता यावर होत नाही.

तर, गुडघा बदलावा का? आमचं उत्तर, डॉक्टर म्हणत असतील आणि रोज व्यायाम करायची तयारी असेल तर जरूर. काही अनुभवाच्या गोष्टी सांगतो. आराम वाटला तरी गुडघ्याखाली उशी ठेवू नका, पाय सरळ व्हायचा राहतो. पोटरी सुजून लाल झाली, दुखू लागली तर वाट न पाहता १११ ला फोन करा, आणि छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट ९९९ ला. घरातली पायपुसणी आणि सैल गालिचे आधीच उचला. मांडी घालून बसण्याची आशा सोडा, इस्त्रीच्या टेबलावरची पूजाही देवाला पोचते. आणि कोणी डबा आणला तर "कशाला त्रास" म्हणू नका.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला सतरंजीच्या कडेने चार खुर्च्या मांडाव्यात, अशी कार्यकारिणीला विनंती. एक आमची. आमची काठी आता दाराआड उभी असते. ज्यांना लागेल त्यांनी न्यावी, फक्त काम झालं की पुढच्याला द्यावी.