मांजरीचा आवाज अचानक बसला? तोंडात बोट घालू नका!



पैनगंगेचा काठ असो, सातनाला असो की मत्तडिवागूचं धरण, जिथं जाळं तिथं मांजर आलीच. मासळी सोलायला बसलं की पायात घोटाळणारी, ओरडून घर डोक्यावर घेणारी मांजर एखाद्या दिवशी तोंड उघडते आणि आवाजच निघत नाही. मग घरात सगळे एकच म्हणतात, "काटा अडकला असंल, काढ बोट घालून." थांबा. इथंच चूक होते.

आवाज बसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सर्दी. विषाणूमुळे नाक-घसा सुजतो, शिंका येतात, डोळ्यांतून पाणी येतं. मांजर खात-पीत असेल, श्वास मोकळा असेल, तर बहुतेक वेळा काही दिवसांत आवाज परत येतो. तिला चुलीच्या धुरापासून दूर ठेवा, ओलं, मऊ खाणं द्या. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र चुकूनही देऊ नका, मांजरासाठी ती विष आहे.

दुसरं कारण खरोखरच काटा. रोहू-कटल्याच्या मांसात दोन फाट्यांचे बारीक काटे असतात. त्याहून वाईट म्हणजे आमिष लावलेला गळ आणि तंगूस. मांजर मान ताणते, पंजाने तोंड खाजवते, उलटीसारखं करते. तोंडातून तंगूस लोंबत असेल तर ओढू नका. ओढला की गळ आणखी खोल रुततो, आतडं कापलं जाऊ शकतं. तसंच दवाखान्यात न्या.

तिसरं कारण क्वचितच दिसतं, पण जिवावर बेतणारं आहे: रेबीज, म्हणजे पिसाळणं. हा रोग फक्त कुत्र्याचा नाही. पिसाळलेल्या मांजरीचा आवाज बदलतो किंवा जातो, गिळता येत नाही, लाळ गळते, जबडा लोंबतो. पाहणाऱ्याला वाटतं काटाच अडकला! बोट घातलं, दात लागला किंवा जखमेवर लाळ लागली, की रोग माणसात येऊ शकतो. माणसात लक्षणं दिसल्यावर मग वाचणं जवळपास अशक्य.

म्हणून आवाज गेला आणि सोबत लाळ, लडखडणं, अचानक चिडणं किंवा अंधारात लपणं दिसलं, तर लेकरांना दूर करा. मांजरीला हात न लावता खोलीत कोंडा आणि गुरांच्या डॉक्टरला कळवा.

चावलं, ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. दंडातली लस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असते, एकही चुकवू नका. रक्त आलं असेल तर जखमेतलं वेगळं इंजेक्शनही लागतं, डॉक्टरला विचारा.

मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, हिरड्या निळसर दिसत असतील किंवा दिवसभर काहीच खाल्लं नसेल, तर उद्यावर ढकलू नका.

आणि दोन सवयी लावा. गळ, तंगूस, तुटक्या जाळ्याचे तुकडे झाकणाच्या डब्यात ठेवा. मांजर तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस द्या, पुढं डॉक्टर सांगतील तेव्हा परत.

ही माहिती वस्तीतल्या आया-बहिणींपर्यंत नक्की पोचवा. मासळी त्याच सोलतात, मांजरही त्यांच्याच पायाशी असते.