जुन्या मोटारसायकलीतील विजेचे दोष व त्यांचे निवारण

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील अनेक वाड्या-वस्त्यांवर राजदूत, येझदी, बुलेट अशा जुन्या मोटारसायकली अजूनही कामास येतात. म्हैसूरच्या कारखान्यातील येझदीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. म्हणजे त्या वेळची अगदी शेवटची गाडीसुद्धा आता पंचविशी उलटलेली आहे. एवढ्या काळात इंजिन टिकते, परंतु तारांवरील वेष्टन तडकते, जोड गंजतात आणि ऐन वेळी गाडीचा दिवा दगा देतो.

मागील हिवाळ्यात लोह्याहून अहमदपूरकडे येताना प्रस्तुत लेखकाच्या जुन्या गाडीचा दिवा अकस्मात विझला. समोर उसाने भरलेली बैलगाडी होती. तिला मागे दिवा नव्हता आणि माझ्या गाडीला पुढे! ब्रेक वेळेवर लागला म्हणून निभावले. नंतर पाहता, दिव्याची चौकटीला जोडलेली तार केवळ सैल झालेली आढळली. दुरुस्ती पाच मिनिटांची होती. तेवढी आधी न केल्याने जिवावर बेतले असते. रात्री वीज आल्यावर मोटार सुरू करण्यासाठी विहिरीवर जाणाऱ्या शेतकरी बंधूंनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

आरंभ बॅटरीपासून करावा. सहा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असता सुमारे ६.३ व्होल्ट, तर बारा व्होल्टची सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. आम्लाची पातळी खुणेखाली गेली असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीच्या वा बोअरच्या पाण्यातील क्षारांमुळे बॅटरी खराब होते. टोकांवर पांढरा-हिरवा थर जमल्यास प्रथम चौकटीला जोडलेली तार सोडवावी, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टोके पुसावीत, कोरडी करून जोडणी घट्ट करावी व वरून व्हॅसलीन लावावे. सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये व आम्ल अंगावर उडू देऊ नये.

त्यानंतर फ्यूज पाहावा. तो जळाला असल्यास त्या जागी तांब्याची जाड तार बसविण्याची वाईट सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. तसे केल्यास फ्यूजऐवजी गाडीच्या सगळ्या तारा जळतात. तेवढ्याच क्षमतेचा फ्यूज घालावा; तोही जळाल्यास कोठेतरी तार उघडी पडून चौकटीला टेकत आहे, असे समजावे. हँडल वळते त्या ठिकाणी तारा विशेष घासतात. गाडी कडब्याच्या गंजीशेजारी उभी राहत असेल, तर उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत काय, तेही पाहावे.

दिवा मंद लागत असल्यास दोष बहुधा चौकटीच्या जोडात असतो. आपल्या काळ्या जमिनीचा चिखल तेथे बसतो व गंज चढतो. बोल्ट काढून धातू चकचकीत होईपर्यंत घासावा व पुन्हा आवळावा. इंजिनाचा वेग वाढविताच दिवे वारंवार जळत असतील, तर बॅटरीची जोडणी व रेग्युलेटर तपासून घ्यावा. बुलेटवर अँपिअर दाखविणारा काटा असतो. वेग वाढवूनही तो उणे बाजूसच राहिल्यास बॅटरीस वीज मिळत नाही, असे जाणावे.

गाडी सुरूच होत नसेल तर प्लग काढून टोपीत बसवावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा व किक मारावी. पेट्रोल सांडलेले नसावे आणि प्लग त्याच्या भोकापासून दूर धरावा. निळी, जोमदार ठिणगी पडल्यास वीज ठीक आहे. दोष पेट्रोलच्या बाजूस शोधावा. ठिणगी पिवळी पडल्यास वा न पडल्यास प्लग व टोपी कोरडी करावी, पॉइंट स्वच्छ करावेत व त्यांतील अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. पावसाळ्यात ओली टोपी हेच पुष्कळदा कारण असते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी व लगेच तपासावी. चार तारा एकदम सोडल्यास मूळ दोष बाजूस राहून नवे दोष निर्माण होतात. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी सुगीपूर्वी गावातील जुन्या गाड्यांची अशी तपासणी एकदा सर्वांसमक्ष करून दाखवावी, आणि मागील तांबडा दिवा सर्वांत आधी पाहावा. पुढचा दिवा आपणांस वाट दाखवितो. मागचा दिवा आपण वाटेवर आहोत, हे इतरांस दाखवितो.