'अ‍ॅटिट्यूड' की 'माइंडसेट'?

दोस्तांनो, 'त्याला फार अ‍ॅटिट्यूड आहे' असं आपण म्हणतो. म्हणजे तो शिष्ट आहे! पण इंग्रजी निबंधात हा शब्द जपून वापरा हं. तिथे अ‍ॅटिट्यूड म्हणजे एखाद्या माणसाकडे किंवा गोष्टीकडे पाहण्याचा दृष्टिकोन. म्हणून त्याच्यापुढे 'टू' किंवा 'टुवर्ड्‌ज' येतं. माइंडसेट म्हणजे मनात मुरलेली विचारांची चाकोरी. हा शब्द जोडूनच लिहायचा.

महाडचं उदाहरण घ्या. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला. तरी दलितांना तिथलं पाणी घेता येईना. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. आता हे इंग्रजीत कसं लिहाल? 'द रूल हॅड चेंज्ड, बट द माइंडसेट हॅड नॉट.'

आणि मेंटॅलिटी? या शब्दाला बहुधा टीकेचा सूर असतो. विरोध करणाऱ्यांच्या वृत्तीला तो चालेल. बाबासाहेबांच्या निर्धाराला मात्र नाही. तिथे 'डिटर्मिनेशन'च शोभतं.

चला तर, वही काढा आणि चारही शब्दांची एकेक वाक्यं लिहा पाहू!